डबकेवाले सर

फ्रीजच्या दारात ताकाच्या शेजारी नाल्याचं पाणी ठेवणारा माणूस हमखास जीवशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक असतो. ही जात जिल्ह्याच्या प्रत्येक गावी एखाद-दुसऱ्या नगाने आढळते. नाशकात जरा जास्त, कारण नाशकात पाण्याचे प्रकारच जास्त. धरणाचं, कुंडाचं, नाल्याचं, द्राक्षबागेतल्या शेततळ्याचं आणि सिंहस्थात तर विचारूच नका. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर या जातीचा एक अस्सल नमुना राहतो. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पोस्टमन सोडला तर ते कोणी वाचत नाही. लहानथोर सगळे त्यांना डबकेवाले सर म्हणतात, आणि सरांना त्यात पदवी मिळाल्याचा आनंद होतो.

फ्रीजमधल्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी असते. 'नासर्डी, पुलाखाली, सकाळी साडेसात.' त्याखाली लाल शाईने, काकूंच्या अक्षरात, 'पिऊ नये.' पाहुणे आले की काकू सरबताचा तांब्या भरण्याआधी पाण्याची बाटली खिडकीच्या उजेडात धरून निरखून बघतात. पाहुण्यांना वाटतं, बाई फार टापटिपीची आहे.

या बाटल्या येतात कुठून? खोकल्याच्या औषधाच्या. इमारतीत रात्री कोणी खोकलं की सकाळी जिन्यात सर भेटतात आणि काळजीच्या स्वरात विचारतात, "संपली का बाटली?" बाकी सामान साधं. बांबूला तारेने बांधलेली चहाची गाळणी, एक ड्रॉपर, एक वही आणि कुठल्याही साचलेल्या पाण्यापाशी आपोआप बंद पडणारी स्कूटर.

सरांचं सगळ्या पाण्यांवर सारखं प्रेम आहे असं मात्र नाही. गंगापूर धरणाच्या पाण्याचा नाशिककरांना कोण अभिमान! सर नाक मुरडतात. "काय आहे त्यात? नुसतं पाणी आहे." त्यांचा जीव गोठ्यामागच्या डबक्यात. शेण, ऊन आणि महिनाभर कोणी न ढवळलेलं पाणी, एवढं जुळून आलं की वर पोपटी साय धरते, आणि ती साय दिसली की सरांचा चेहरा मुलाचा दहावीचा निकाल लागल्यासारखा होतो. कारण त्या सायीत त्यांचा युग्लीना असतो. एकपेशीय, हिरवा, गोड्या पाण्यातला. अमिबाला सगळे ओळखतात, पॅरामेशियमला निम्मे. युग्लीनाला ओळखणारे आमच्या भागात सर एकटेच, आणि तो त्यांना ओळखत असावा अशी काकूंना दाट शंका आहे.

रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतात. लोक तिथे धप्पा मारायला जातात, सर नमुना घ्यायला. "काल भरलेल्या रंगाच्या पाण्यात काय सापडणार सर?" असं मी विचारलं होतं. "काही नाही सापडलं तर तेही लिहायचं असतं," असं म्हणून ते वाकले, आणि मागून कोणीतरी आपलं कर्तव्य केलं. पुढचे दोन दिवस सर रंगीत होते. वहीत नोंद मात्र आहे: 'रहाड. काही नाही.'

एकदा दिंडोरीकडे एका शेततळ्यावर ते बाटली भरत होते. हातात वही-पेन, डोक्यावर टोपी. मालक धावत आला. "साहेब, पंचनाम्याला आलात का?" सर खोटं बोलत नाहीत. तळ्याचा पंचनामा चालूच होता. "हो," म्हणाले. आठच दिवसांपूर्वी गारपीट झाली होती. मालकाने त्यांना बागेत नेलं, फुटलेले घड दाखवले, औषधांचा, मजुरीचा आणि सोसायटीच्या कर्जाचा हिशेब सांगितला. सर मूळचे मास्तर, समोरचा सांगतोय म्हटल्यावर लिहून घेतलंच पाहिजे. निघताना त्याने सही मागितली तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या वहीच्या डाव्या पानावर अजून युग्लीनाची आकृती आहे आणि उजव्या पानावर सव्वा एकर थॉमसन. पुढे सर तो कागद घेऊन स्वतः तहसील कचेरीत गेले होते, हे काकूंनी मला वेगळं सांगितलं. तिथे काय झालं ते सर सांगत नाहीत.

सरांचा सूक्ष्मदर्शक पितळी आहे, त्यांच्या जुन्या कॉलेजच्या भंगारातून वजनावर घेतलेला. त्याला डोळा लावायची नळी एकच, आणि सगळी अडचण तिथेच आहे. "ये, ये, बघ, काय सुंदर वळतोय बघ!" असं सर ओरडतात, आपण धावत जातो, आणि सरांचा डोळा काही नळीवरून हलत नाही. "दिसला? आता मागे फिरला. आता बघ हं!" मी कित्येकदा सरांच्या टकलाकडे बघत युग्लीना शिकलो आहे. शेवटी काकूंनी त्यांना फोनवर बोलावलं तेव्हा मला नळी मोकळी मिळाली.

आणि खरं सांगायचं तर मीही जागचा हललो नाही. हिरवी चाती पाण्यातून चालली होती, दोन्हीकडे निमुळती, स्वतःभोवती गिरक्या घेत. लांबी जेमतेम मिलिमीटरचा विसावा भाग. पुढच्या टोकाला लालभडक ठिपका, आणि त्यापुढे इतका बारीक चाबूक की तो दिसण्याऐवजी त्याने हलवलेलं पाणीच दिसावं. त्याला म्हणतात कशाभिका. एवढ्यात ती चाती कापसाच्या दोन तंतूंमध्ये अडकली आणि तिचा सगळा डौल उतरला. पुढचा भाग टम्म फुगला, मग तो फुगवटा हळूहळू मागे सरकत गेला, मग पुन्हा पुढून नवा. अंगावर कडक भिंत नाही, नुसत्या प्रथिनांच्या पट्ट्या, त्या एकमेकींवरून सरकतात म्हणून हे जमतं. हे सगळं सरांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की कोणीतरी अडचणीत आहे आणि अंग चोरून निसटायला बघतं आहे.

कापसाचे तंतू हे युग्लीनाची धाव मंदावण्यासाठी टाकतात. ते येतात देवघरातून. काकू चातुर्मासात लक्षवाती करतात, आणि त्यांचा लाखाचा हिशेब दर वर्षी चाळीस-पन्नासने चुकतो. "पुण्य वाटून घेतोय गं," असं सर म्हणतात. "घ्या, पण मोजून घ्या," असं काकू म्हणतात.

"तो लाल ठिपका म्हणजे डोळा ना सर?" ही चूक नवा माणूस करतोच, आणि सर तिची वाटच पाहत असतात. "डोळा नव्हे, पडदा! उजेड कळतो तो कशाभिकेच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याला. हा गिरक्या घेतो तेव्हा ठिपक्याची सावली त्या फुगवट्यावर पडते आणि सरते. त्यावरून उजेड कुठल्या अंगाला आहे ते याला समजतं. एरेनबर्गने १८३० मध्ये याचं बारसं केलं तेव्हा त्यालाही डोळाच वाटला होता. फुगवट्यातलं प्रथिन जपान्यांनी ओळखलं २००२ साली. एकशे बहात्तर वर्षं लोक पडद्यालाच डोळा म्हणत बसले!" हे म्हणताना सरांचा रोख आजूबाजूच्या सगळ्या जगाकडे असतो.

सरांना शत्रू एकच, आणि तो त्यांचा सगळ्यात जुना मित्र आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र तळमजल्यावर होतं आणि वनस्पतिशास्त्र वर. दोन्हीकडच्या अभ्यासक्रमात युग्लीना होता, आणि बरणी मात्र एकच. त्यामुळे तेच पाणी खाली असताना प्राणी असायचं आणि जिना चढलं की वनस्पती व्हायचं. खालची मुलं चाबूक ठळक काढायची, वरची मुलं हरितलवकं. वर शिकवणारे बॉटनीवाले सर आता पलीकडच्या गल्लीत राहतात. दोघं रोज सकाळी गोदापार्कवर फिरतात आणि तीस वर्षांपूर्वी जिथे थांबले होते तिथून पुढे भांडतात.

"त्याला उन्हात स्वतःचा स्वयंपाक येतो," बॉटनीवाले. "तुझ्या कुठल्या प्राण्याला येतो?"

"आणि अंधार पडला की पाण्यात विरघळलेलं आयतं शोषून घेतो, ते? आठवीच्या पुस्तकात त्याला नुसतं स्वयंपोषी म्हटलंय. अर्धवट माहिती! आणि कोठीत साठवतो काय? पॅरामायलॉन. आयोडीन टाक, निळं होतंय का बघ. तुझ्या बटाट्याचं होतं ना?"

"कोठी वेगळी असली म्हणून चूल खोटी होत नाही."

"चूल? १९४८ मध्ये अमेरिकेत त्याला स्ट्रेप्टोमायसिन पाजलं. हिरवा रंग गेला तो पिढ्यान्‌पिढ्या परत आला नाही. तरी पठ्ठा जगला, मजेत वाढला. तुझा आंबा जगेल का हिरवं गेल्यावर?"

इथे बॉटनीवाले क्षणभर अडतात आणि हुकमी पत्ता काढतात. एला गोन्साल्विस बाई आणि जोशी यांनी वांद्र्याच्या तलावातल्या शेवाळांचं ऋतुचक्र तपासून १९४६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं. "आमची माणसं बाराही महिने तळ्याकाठी उभी होती. तुझी कुठे होती?"

"बेडूक फाडत होती," असं सर प्रांजळपणे कबूल करतात आणि त्या दिवसापुरता चहा पाजतात.

हे भांडण नवं नाही. डेल्फ्टच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यात मधोमध हिरवे आणि दोन्ही टोकांना पांढरे इवले जीव पाहिले. तो युग्लीनाच असावा, असं बरेच जाणकार मानतात. पाण्यात वळवळतात म्हणजे प्राणी, असं त्या भल्या माणसाने धरलं. १८६६ मध्ये हेकेलने धड इकडे ना धड तिकडे अशा मंडळींसाठी प्रोटिस्टा नावाची तिसरी खोली बांधली. आमच्या दोन्ही सरांना ही खोली मंजूर नाही. भांडणच मिटतं ना मग!

एकदा फिरताना त्यांना त्याच कॉलेजात आता शिकवणाऱ्या तरुण मॅडम भेटल्या. दोघांनी कौल मागितला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, तो तुमच्यापैकी कोणाचाच नाही. जनावरांना सर्रा होतो ना, त्या ट्रिपॅनोसोमाचा तो चुलत भाऊ. हिरवंसुद्धा त्याचं स्वतःचं नाही. कधीकाळी त्याच्या पूर्वजाने एक हिरवं शेवाळ गिळलं आणि पचवलं नाही, ठेवून घेतलं. म्हणून तर हरितलवकाभोवती तीन आवरणं आहेत, झाडात दोनच असतात."

दोघंही थबकले. "म्हणजे उसनं?" बॉटनीवाले. "सर्रा?" आमचे सर. त्या सकाळी दोघं न भांडता घरी आले आणि आपल्या वेळी डीएनए नव्हतं तेव्हा किती बरं होतं यावर त्यांचं एकमत झालं. काकूंनी घाबरून दोघांचं ब्लडप्रेशर पाहिलं.

सरांना राग क्वचित येतो. एका व्याख्यानात वक्त्याने पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांना 'राजकारणातले युग्लीना' म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि सर तिसऱ्या रांगेतून उठले. "हरकत आहे! युग्लीना पक्ष बदलत नाही. तो एकाच वेळी दोन्हीकडे असतो आणि त्यासाठी कोणाकडून काही घेत नाही." याला वक्त्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. सर मात्र घरी येईपर्यंत धुमसत होते.

आता टाकीचं प्रकरण. वळवाच्या वादळात सोसायटीच्या वरच्या टाकीचं झाकण उडालं आणि कबुतरांनी तिचा ताबा घेतला. महिनाभराने वार्षिक सभेत सर बाटली घेऊन उभे राहिले.

"मी म्हणत नाही, पामर म्हणतो," त्यांनी सुरुवात केली.

सभेला गहिवरून आलं. केवढा विद्वान माणूस आणि स्वतःला पामर म्हणतो! हा पामर म्हणजे १९६९ साली, कुठली शेवाळं किती घाण सोसतात याची यादी करणारा अमेरिकन शास्त्रज्ञ, हे कळायला बराच वेळ गेला.

"पामरच्या कोष्टकात युग्लीनाला पाच गुण आहेत."

"पाचपैकी?" सेक्रेटरी.

"पाच हा सगळ्यात वरचा."

"मग चांगलंच आहे की सर! अभिनंदन."

"अहो, गुण घाणीचे आहेत! सगळ्या शेवाळांच्या गुणांची बेरीज वीस किंवा त्याहून वर गेली की पाणी पुरतं नासलं असं समजायचं."

हॉलमधल्या टीव्हीवर सरांनी मोबाइलवर घेतलेलं चित्रण लावलं. आपल्या रोजच्या आंघोळीच्या पाण्यात हिरव्या चात्या गिरक्या घेताना बघून सभा सुन्न झाली. मागून एकाने आशेने विचारलं, "हिरवं आहे म्हणजे आयुर्वेदिक असेल का?" टाकी धुवायचा ठराव झाला, खर्च कोणी सोसायचा यावर दीड तास गेला, त्यात युग्लीना मागे पडला. झाकण मात्र त्याच आठवड्यात बसलं.

गंमत पुढे आहे. दिवाळीनंतर सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी पाठवलं की जपानमध्ये युग्लीनाची पावडर करून खातात. यात अफवा काही नाही. इशिगाकी बेटावर २००५ पासून एक कंपनी तो टाक्यांमध्ये वाढवते, बिस्किटात घालते, विमानाच्या इंधनासाठीही त्याचं तेल काढते. संध्याकाळी तेच सेक्रेटरी सरांच्या दारात. "सर, आपल्या टाकीतला थोडा राहिलाय का हो? नाही म्हणजे, घरच्यापुरता."

पण सरांची खरी कीर्ती झाली ती गणपतीत. मुलांना विज्ञान दाखवायचं म्हणून त्यांनी लोणच्याची काचेची बरणी युग्लीनाच्या दाट पाण्याने भरली, तिला काळा कागद गुंडाळला आणि कागदात ॐ कापला. तेवढ्याच फटीतून उजेड आत जाणार, उजेडाच्या ओढीने सगळे युग्लीना तिथे काचेला येऊन डकणार, असा साधा प्रयोग. बरणी दिवसभर खिडकीत होती. संध्याकाळी आरतीनंतर सरांनी मांडवात सगळ्यांसमोर कागद सोडवला.

पाण्यात हिरवा ॐ उभा होता. वेलांटीसकट, चंद्रबिंदूसकट. मांडव चिडीचूप. मग कोणीतरी हात जोडले, आणि पाहता पाहता ॐ कडांनी विरघळत नाहीसा झाला. कागद निघाल्यावर उजेड सगळीकडून आला आणि मंडळी पांगली, एवढंच. पण त्याआधी बरणीपुढे दोन नारळ आणि दहा-दहाच्या नोटा पडल्या होत्या.

"हा प्रकाशानुचलनाचा प्रयोग आहे!" सर ओरडत होते. लोक म्हणाले, सर भावविवश झालेत.

तळमजल्यावरच्या आजी पुढे आल्या आणि त्यांनी तीर्थासाठी पळी-पंचपात्रीसमोर धरतात तसा तळवा पुढे केला. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो आजी, ते नासर्डीचं पाणी आहे!"

"गंगेलाच मिळते ना ती?" आजी.

नाशकात गोदावरी म्हणजे गंगाच, तेव्हा भूगोलाच्या दृष्टीने यावर उत्तर नव्हतं. शेवटी काकू मध्ये पडल्या आणि त्यांनी बरणीवर लाल शाईतली चिठ्ठी डकवली, तेव्हा आजींनी हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी मंडळाने दर्शनाच्या वेळा लावल्या. प्रत्येक दर्शनाआधी कागद गुंडाळून तासभर थांबावं लागे. मांडवातल्या लाइटवाल्या पोराला ते संथ वाटलं. त्याने सरांना न विचारता बरणीसमोर वीतभर अंतरावर हॅलोजन लावला. कागद काढला तर सगळं पाणी हिरवं आणि ॐ तेवढा कोरडा, पांढरा! कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, सुतक असलेलं कोणीतरी मांडवात आलं असणार. सर मात्र लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. "उजेड फार झाला की हा उलटा पळतो! हे मी दाखवणारच नव्हतो, या पोराने दाखवलं. याला अकरावीला सायन्सला घाला!" पोरगा बारावी नापास होऊन चार वर्षं झाली होती. पण त्या दिवसापासून तो सरांच्या घरी जातो, आणि सर त्याला नळीवर डोळा लावू देतात. आम्हाला अजून देत नाहीत.

यंदाची गणपतीची मीटिंग परवा झाली. मंडळाला या वर्षी लाल ॐ पाहिजे. सर म्हणाले, हरकत नाही, युग्लीना सँग्विनिया म्हणून लाल जात आहे, तिची तळ्यावर रक्तासारखी साय येते. लाइटवाला पोरगा आणि ते दर रविवारी स्कूटरवरून लाल डबकं शोधत हिंडताहेत. बॉटनीवाल्यांनी कळवलं आहे की लाल सापडला तर त्यावर पहिला हक्क त्यांचा. एकच अडचण आहे. त्या जातीचे लाल कण उन्हात पेशीभर पसरतात आणि ऊन उतरलं की मध्ये गोळा होतात. म्हणजे तो दुपारी लाल दिसतो आणि संध्याकाळी हिरवा.

"आरती दुपारी बाराला ठेवता येईल का?" सरांनी विचारलं.

"बाराला? सर, वर्गणी देणारे सगळे तेव्हा सातपूर-अंबडला कंपनीत असतात," सेक्रेटरी म्हणाले.

"मग त्यांना सेकंड शिफ्ट घ्यायला सांगा."

सेक्रेटरींनी विषयपत्रिकेवर ते लिहून घेतलं आहे.